एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार

निवृत्त होऊन चौदा महिने झाले. आज पुन्हा इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचला. सुचित्रा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आज कोणत्या बूथवर?" बायकोला टोमण्यासाठी निवडणूकच सापडते, कारण माझी अख्खी नोकरी दारव्ह्याला निवडणूक शाखेत गेली. एकतीस वर्षं. माझ्या हाताखालच्या एकाही केंद्रावर कधी फेरमतदान झालं नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण निरोप समारंभात कोणी ते बोललं नाही. भाषणं झाली ती माझ्या साधेपणावर.

नवीन काम असं. नागपूरची एक संस्था, तिला परदेशातून निधी, निधीचा विषय 'गावपातळीवर लोकशाही आणि शांतता'. मी तालुका समन्वयक. ही डायरीही त्यांचीच, वर दोन हात मिळवलेले छापलेत.

पहिलं ठिकाण हिवरदरी तांडा. बंजाऱ्यांची वस्ती, टेकडीच्या पायथ्याशी. डांबरी रस्त्यावर बोरखडी गाव. दोघांमध्ये दीड किलोमीटर पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. तांड्याला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. बोरखडीचे शेतकरी दरवर्षी नांगराची एकेक सरी पांदणीत घुसवतात, कधी बोराटीच्या काट्या टाकून वाटच बंद करतात. दोन वर्षांपूर्वी त्यावरून डोकी फुटली, पेपरात आलं. पेपरातून नागपूरला कळलं, नागपुरातून परदेशात. वाट दीड किलोमीटरची, भांडण मात्र सातासमुद्रापार पोचलं.

११ सप्टेंबर, बुधवार

परदेशी बाई येऊन गेल्या. इंग्रिड नाव. पन्नाशीच्या, पायांत साधी चप्पल, चिखलाला भ्यायल्या नाहीत. सोबत नागपूरचा क्षितिज. वयाने माझ्या मुलीएवढा, गौरीएवढा, बोलतो मात्र आयुक्तासारखा.

तांड्याचे नायक उत्तमसिंग. सत्तरी पार, लाल पागोटं, आवाज खालचा. निवडणुकीच्या कामाने मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, पिढीजात. त्यांच्या बायकोने, लालीबाईंनी, चहा केला. इंग्रिडबाईंनी दोन कप घेतले.

मग बाईंनी एक प्रश्न विचारला आणि क्षितिजने तो मला मराठीत सांगितला: "इथले लोक आजवर निर्णय कसे घेत आले? त्यांची पद्धत असेल तर आपण तिच्यावरच काम उभारू." प्रश्न नायकांना होता. पण ते खालच्या आवाजात लांबण लावणार आणि आमची जीप थांबलेली, म्हणून उत्तर मीच दिलं. म्हणालो, पद्धत अशी काही नाही, एक म्हातारा ठरवतो आणि बाकीचे मान हलवतात. क्षितिजने भाषांतर केलं. बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग वहीत लिहून घेतलं.

नंतर फॉर्म भरला. 'पूर्वीची निर्णयपद्धत: आहे / नाही.' मी 'नाही'वर खूण केली. स्वच्छ पाटीवर काम करायला बरं पडतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तांड्यात बैठक. मी शांतता समितीची योजना समजावली: गुप्त मतदानाने अध्यक्ष, अकरा सदस्य, त्यात चार बायका. समिती बोरखडीशी बोलणार आणि पांदणीचा करार लेखी होणार.

उत्तमसिंग म्हणाले, "साहेब, आमची नसाब आहे ना."

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. कशी चालते विचारलं तर म्हणाले, "सगळे बसतो. ज्याले राग आहे तो बोलते. त्याचा राग उतरेपर्यंत कोनी उठत नाही. कधी दोन दिवस लागतात. मंग एक गोष्ट ठरते. कोन कोनाच्या बाजूनं होतं, हे सकाळी कोनी विचारत नाही."

मी म्हणालो, याला लोकशाही म्हणत नाहीत नायक, याला कंटाळून होकार देणं म्हणतात. तरुण मंडळी हसली. सुनील सगळ्यांत मोठ्याने हसला. हा नायकांचा पुतण्या, चौतीस वर्षांचा, बोरखडीच्या चौकात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "बराबर बोलले साहेब. मी नसाबमंदी तोंड उघडलं का काका म्हणते, बस, लेकरू आहेस. माह्या घरी आता लेकरू येऊन राह्यलं, तरी मी लेकरूच!"

त्याचं म्हणणं खोटं नाही. बायका तर मागेच बसतात, ओढण्या पुढे ओढून. एवढं सगळं डोळ्यांना दिसत असताना बदल नको म्हणणाऱ्याचा मला राग येतो.

निघताना उत्तमसिंग जीपपर्यंत आले. म्हणाले, "सरकारचं मतदान वेगळं हाय साहेब. ते लोकं निवडून मुंबईले जातात, आपल्याले दिसत नाहीत. इथं तर सकाळी सगळे एकाच हापशीवर येतात."

मुद्दा कळला नाही. हापशीचा काय संबंध?

२४ नोव्हेंबर, रविवार

विधानसभेचा निकाल काल लागला. आचारसंहितेमुळे आमचं काम दीड महिना बंद होतं. यंदा पहिल्यांदाच मतमोजणीला मी घरात, टीव्हीसमोर. एका आकड्यावर मी "चूक आहे, फेरी बाकी आहे" असं ओरडलो. सुचित्रा म्हणाली, "त्यांना ऐकू जात नाही."

१५ डिसेंबर, रविवार

आज मतदान झालं. आयुष्यात इतकं नीटनेटकं केंद्र मी चालवलं नसेल.

उमेदवार दोन: उत्तमसिंग आणि सुनील. नायक उभेच राहत नव्हते. मी समजावलं की तुम्ही उभे राहिला नाहीत तर निवडणूकच होणार नाही, अहवालात 'बिनविरोध' लिहावं लागेल आणि परदेशात बिनविरोधचा अर्थ दडपशाही घेतात. बिचारे उभे राहिले. बैलगाडी त्यांना, छत्री सुनीलला. शाळेच्या खोलीत जुनी चादर लावून आडोसा केला. बोटाची शाई सरकारी मिळत नाही, म्हणून शाळेतलाच मार्कर. पेटीला लाखेचं सील मी स्वतः केलं.

लालीबाई आडोशामागे बराच वेळ होत्या. बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "साहेब, कोनाले समजन का?" मी म्हणालो, ब्रह्मदेवालाही समजणार नाही. "याइलेबी नाही?" म्हणाल्या, नवऱ्याकडे न बघता. त्यांनाही नाही, म्हटलं. म्हाताऱ्या बायकांना ही भीती प्रत्येक निवडणुकीत असते. त्यात त्या महिनाभर एकच गोष्ट सांगत होत्या, याइच्या छातीत कळ येते, डॉक्टर आराम करा म्हणते, हे ऐकत नाहीत. आज तीही सांगितली नाही.

मोजणी सगळ्यांसमोर केली. आकडे वाचण्याआधी उत्तमसिंग उठून जवळ आले. कानाशी म्हणाले, "साहेब, कोन ते सांगा. किती ते नका सांगू."

एकतीस वर्षांत अशी विनंती मला कोणी केली नव्हती. म्हटलं, नायक, आकडा लपवणं म्हणजे घोटाळा. आकडा सांगितला तरच विश्वास बसतो.

ते जागेवर जाऊन बसले. आणि मी मोठ्याने वाचलं: बैलगाडी एकसष्ट, छत्री अठ्ठावन, बाद दोन. उत्तमसिंग विजयी.

टाळी नाही, घोषणा नाही, गुलाल नाही. लोक उठले आणि एकमेकांकडे बघत घरी गेले. इतकी शिस्तीची मतमोजणी मी कुठेच पाहिली नाही. क्षितिजला फोटो पाठवले, त्याने तीन अंगठे पाठवले.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी उत्तमसिंग दारात. काळीपिवळीने एकटेच आले होते, डोकं उघडं. पागोटं पिशवीत.

मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "एकसष्टाचा नायक नसते साहेब. नायक तांड्याचा असते."

"अहो, तुम्ही जिंकलात!"

"अठ्ठावन मानसं मले नको म्हणतात, हे मले ठाव नव्हतं. असन राग, मले वाटे. बसू, बोलू, उतरन. आता तो मोजलेला आहे. काल हापशीवर गेलतो. एकेकाचं तोंड पाहून राह्यलो, हा त्याइच्यातला का, ही त्याइच्यातली का. सत्तर वर्षांत मी कोनाकडं असं पाह्यलं नव्हतं. मले माहीच लाज वाटली."

पागोटं सेवालाल महाराजांच्या देवळात ठेवणार म्हणाले. मी नियमावली काढून दाखवली, राजीनाम्याला कारण लेखी लागतं. सुचित्राने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "आकडा सांगायलाच हवा होता का?"

"नियम आहे."

"आपल्या घरात कधी मतदान घेतलं नाहीत, हे बरंच झालं म्हणायचं."

नियम सातप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार अध्यक्ष होतो. सुनीलला कळवलं. तो आनंदाने हो म्हणाला. पण फोन ठेवण्याआधी विचारलं, "काका कायले गेले, साहेब? मले तर हरालेबी चालत होतं." मी म्हणालो, वय झालं.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नागपूरहून पुस्तिका आली, गुळगुळीत कागद. हिवरदरीवर दोन पानं, मतपेटीजवळ मी. खाली लिहिलंय: 'शतकानुशतकांच्या मौनानंतर एका तांड्याला आवाज मिळाला.' पांदणीच्या तोंडाशी फलकही लागला: 'शांततेचा मार्ग', आणि खाली देणाऱ्या देशाचा झेंडा. पुस्तिकेच्या पाच प्रती मागवून घेतल्या. एक गौरीला पाठवली.

तांड्यात हल्ली लोक एकमेकांना 'बैलगाडीवाले' आणि 'छत्रीवाले' म्हणतात असं सुनीलने सांगितलं. सुरुवातीला असं होतं. राजकीय जाण वाढते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज जे कळलं ते मला सप्टेंबरात कळायला हवं होतं.

दरवर्षी संक्रांतीला पांदण चालतात. तांड्याकडून उत्तमसिंग निघत आणि बोरखडीकडून तिथले जुने जाणते देवराव इंगोले, दोघांच्याही मागे आपापली माणसं. मध्ये एक हिवराचं झाड आहे, तिथे भेट. येताना ज्याचा नांगर आत घुसलेला दिसेल, तिथे सगळे थांबत. शेतवाल्याने स्वतःच्या हाताने कुदळीने बांध मागे घ्यायचा आणि मग हिवराखाली तीळगूळ. बावीस वर्षं असं चाललंय. फक्त दोन वर्षांपूर्वी देवराव आजारी होते, चालणं झालं नाही, आणि त्याच वर्षी डोकी फुटली. आमची सगळी योजना ज्या मारामारीवर उभी, ती या एका चुकलेल्या दिवसाची.

हे मला आज देवरावांनीच सांगितलं, ओसरीवर बसून. आम्ही गेलो होतो, मी आणि सुनील. हातात समितीचा ठराव, शिक्क्यासह. सुनील म्हणाला, "बाबा, चाला. आता मी अध्यक्ष आहो."

देवरावांनी कागद उलटासुलटा पाहिला. "मी कागदासंगं कसा चालू, बापू?"

"कागदासंगं नाही, माह्यासंगं चाला."

"तुह्या मांगं कोन आहे? उत्तमसिंग म्हने तवा तांडा म्हने. तू म्हनशीन तं अर्धा तांडा म्हनन. अर्ध्या पांदणीचं मी काय करू? आन् माह्या गावातल्या पोट्ट्याइले मी काय सांगू, कोनाच्या शब्दावर बांध मांगं घ्या म्हनू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही तं शिकलेले. हे झालं कसं?"

सुनीलचा चेहरा पडला. तो वाईट पोरगा नाही. त्याला फक्त आपलं कोणी ऐकावं असं वाटत होतं.

मी फॉर्मवर 'नाही'वर खूण केली होती, हे मी देवरावांना सांगितलं नाही. सुनीलला नाही. क्षितिजलाही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

पांदण चार दिवसांपासून बंद. बोराटीच्या काट्यांचा ढीग 'शांततेचा मार्ग' फलकाला टेकवून ठेवलाय, टेकू चांगला सापडला.

आज पहाटे सुनीलच्या बायकोला, पुष्पाला, कळा सुरू झाल्या. जीप फलकाशीच थांबली. पुष्पाला बाजेवर घालून दीड किलोमीटर आणलं. मी दवाखान्यात पोचलो तोवर मुलगा झाला होता, दोघंही बरी आहेत. देवाची कृपा म्हणायची, दुसऱ्या कोणाची त्यात नाही.

सुनीलच्या दोन्ही खांद्यांची सालं निघालीत. मी विचारलं, उचलायला किती जण होते? म्हणाला, "चौघंच. खांदेपालट कराले कोनी नव्हतं. बाकीचे दारात उभे होते, साहेब. नेमसिंग काका, ज्यानं मले पोहाले शिकवलं, तो उभा होता. मी म्हटलं, या ना. तो म्हणे, तुह्या समितीले बोलाव."

बाजेला चार माणसं. ज्या तांड्यात लग्नाच्या मांडवाला शंभर हात लागतात, तिथे चार. आज मला माझा फार राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना म्हणून घरी येऊन सुचित्रावर काढला.

२९ जानेवारी, बुधवार

क्षितिजचा फोन. तिकडे सरकार बदललं, धोरण बदललं, बाहेरची मदत थांबवण्याचा हुकूम निघाला. काम आजपासून बंद. तो स्वतःही आजपासून घरी. पहिल्यांदाच माणसासारखा बोलला.

मी म्हणालो, अरे, पण तांडा फुटलाय, त्याचं काय? नव्वद दिवसांचा 'संवाद टप्पा' होता ना आराखड्यात?

म्हणाला, "सर, तो दुसऱ्या वर्षात होता."

म्हणजे पहिल्या वर्षी फोडायचं आणि दुसऱ्या वर्षी सांधायचं, अशी शिस्तशीर योजना. देणाऱ्याने हात आखडता घेतला, त्याचं मला फारसं वाटत नाही. त्यांचा पैसा, त्यांची मर्जी. पण पैसा येत राहिला असता तरी मी सांधलं कशाने असतं? मला मोजता येतं. सांधता येत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

परवाच्या शनिवारी सेवालाल महाराजांच्या जयंतीला तांड्यातून दोन मिरवणुका निघाल्या. मधल्या चौकात पोलीस उभे होते. तांड्याच्या आत पोलीस, हे पहिल्यांदाच.

इंग्रिडबाईंचा निरोप आला. त्यांचीही नोकरी गेली. गौरीने फोनवर अर्थ सांगितला: 'माझ्या वहीत तुमचं वाक्य आहे, एक म्हातारा ठरवतो. त्या दिवशी तो म्हातारा काहीतरी बोलू पाहत होता. ते काय होतं, हे तुम्हाला नंतर कळलं का? तेव्हा मीही थांबले नाही, याची मला खंत आहे.'

गौरी म्हणाली, "बाबा, काय उत्तर देऊ?" मी म्हणालो, सर्व ठीक आहे लिही. एकतीस वर्षं हेच लिहीत आलो: मतदान शांततेत पार पडले.

१४ मार्च, शुक्रवार

सुनीलने बोलावलं होतं. उजाडता उजाडता तांड्यात पोचलो. बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते, नायकाच्या हाताने. यंदा नायक नव्हता. दोन होळ्या होत्या, हापशीच्या दोन बाजूंना. उत्तमसिंग दोन्हींकडे नव्हते. त्यांचं दार बंद होतं.

वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला, त्याची होळीला धुंड होते. बाळाला मांडीवर घेतात, वर आडवी काठी धरतात आणि पुरुष तिच्यावर आपापल्या काठ्या वाजवत गाणी म्हणतात, आशीर्वाद देतात. सगळ्या तांड्याच्या काठ्या वाजतात तेव्हा आवाज बोरखडीपर्यंत जातो म्हणे. आज सुनीलच्या अंगणात एकाच बाजूच्या वाजल्या. पलीकडून नेमसिंग काठी हातात घेऊन बघत उभा होता, आला नाही. पुष्पा बाळाला घेऊन खाली मान घालून बसली होती.

मी दोन होळ्यांच्या मध्ये उभा होतो. लालीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. कळलं ते त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला तेव्हा.

"मोजू नका, साहेब."

माझे ओठ हलत होते. बोटंही. मी इकडची माणसं संपवून तिकडच्यांवर आलो होतो.

मग त्या विस्तवाकडे बघत बोलल्या. "त्या दिवशी मी छत्रीवर मारला शिक्का. मनात म्हटलं, हारला तं घरी बसन, छातीले आराम पडन. आता बसला आहे घरी. भिताडाकडं तोंड करून. जेवाले वाढलं का माह्याकडं पाहते, तसंच जसं सगळ्याइकडं पाहते. तो अठ्ठावन मानसं हुडकून राह्यला, साहेब, आन् एक त्याले रोज भाकर वाढते. सांगू का त्याले?"

गुप्त मतदानाची शपथ मी हजारो माणसांना दिली आहे. त्या शपथेत या प्रश्नाचं उत्तर नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमची माफी मी कोठी ठेवू?" आणि घराकडे गेल्या.

परत येताना काट्या ओलांडून आलो. पायजमा फाटला.

घरी सुचित्राने चहा ठेवला आणि विचारलं, "होळीला किती लोक होते?" नेहमी विचारते, कारण मला सांगायला आवडतं हे तिला माहीत आहे. दोन्हींकडचे आकडे माझ्याजवळ होते. मी सांगितले नाहीत.